शेवटची ट्रॅम दादरला आली होती, हे दादरला तरी आठवतंय का?

पुण्याला जाणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी दादर टीटीला उभं राहून एशियाडची वाट पाहिली आहे. टीटी म्हणजे ट्रॅम टर्मिनस, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यापुढे मात्र कोणी काही सांगत नाही. खोदादाद सर्कल म्हणजे टीटीचा हा चौक, भोवतीच्या कॉलन्या आणि ट्रॅम हे सगळं एकमेकांत किती गुंतलेलं होतं, याची नोंद आपण दादरकरांनीच ठेवली नाही. मला याची फार खंत वाटते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या जुन्या वस्त्यांत माणसं पटापट दगावली. त्यातून १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था निघाली आणि तिने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते, बागा आखल्या. मंचेरजी जोशी या पारशी इंजिनिअरने ट्रस्टचा पाठपुरावा करून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट मिळवले, तीच पारशी कॉलनी. शेजारी हिंदू कॉलनी वसली. तिथेच बाबासाहेबांनी राजगृह बांधलं.

पण कचेऱ्या होत्या फोर्टात. कारकुनाने एवढ्या लांब बिऱ्हाड का करावं? लोकल होतीच, तरी भायखळा, लालबाग, परळ करत चौकात आणून सोडणारी स्वस्त ट्रॅम नसती, तर या कॉलन्या अशा नांदत्या झाल्या नसत्या असं माझं ठाम मत आहे. १८७४ मध्ये घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली. ट्रॅम गरिबाला परवडायची, ही तिची खरी थोरवी.

माझे मोठे मामा हिंदू कॉलनीत वाढले. ते सांगतात, टर्मिनसला गाडी थांबली की कंडक्टर खाली उतरायचा, दोरी ओढून वरच्या तारेवरचा दांडा सोडवायचा आणि फिरवून उलट्या दिशेला लावायचा. दांडा तारेला टेकताना ठिणगी उडायची, ती बघायला शाळेतून येणारी पोरं ताटकळायची. मग ड्रायव्हर पायाने घंटा ठणठणवायचा आणि गाडी परत बोरीबंदरकडे, म्हणजे आजच्या सीएसएमटीकडे निघायची.

पुढे बस वाढल्या, मोटारी वाढल्या आणि ट्रॅम रस्त्यातली अडचण वाटू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून निघाली ती दादरला यायला. निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती.

सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रॅमचा डबा मांडलाय, फ्लोरा फाउंटनपाशी खोदकामात रूळ सापडले तेव्हा बातम्याही झाल्या. छानच झालं. पण जिथे शेवटची ट्रॅम येऊन थांबली, त्या चौकात मला साधा फलकसुद्धा दिसत नाही. वरून उड्डाणपूल गेलाय, गाड्या सुसाट निघून जातात. चौक हा उतरण्याचा, भेटण्याचा असतो, हे आपल्या रस्ते आखणाऱ्यांच्या गावीच नाही. सर्कलच्या त्या गोलाईच्या इमारती अजून शाबूत आहेत, तोवर तिथे एक नीट माहितीफलक लागलाच पाहिजे. मराठीत, साल-तारखांसकट.

आणि एक विनंती. १९६४ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर या रविवारी त्यांच्यासमोर फोन ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. तिकीट केवढ्याचं होतं, कुठे चढायचे, कोणाबरोबर जायचे, सगळं विचारा. जुना फोटो किंवा तिकीट सापडलं तर खाली कॉमेंटमध्ये टाका. फलकासाठी पालिकेला द्यायच्या अर्जाला मी ते सगळं जोडणार आहे.