३० पौंडांची मर्यादा खालच्या लीगना नाही

इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्यात पाहुण्या संघाच्या समर्थकाला तिकिटासाठी ३० पौंडांपेक्षा जास्त मोजावे लागत नाहीत, हे तुमच्या लेखातलं विधान सरसकट खरं नाही. ही मर्यादा फक्त प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत आहे, तीही २०१६ पासून. लीग वन, लीग टू या तिसऱ्या-चौथ्या श्रेणींमध्ये नियम एवढाच, की यजमानांच्या तशाच जागेपेक्षा पाहुण्यांना जास्त दर लावायचा नाही. आता यजमान उभे राहतात छपराखाली आणि पाहुणे गोलमागच्या उघड्या पायऱ्यांवर, तर तुलना करायची कशाशी? नोकरीनिमित्त तिकडे असताना आमच्या लीग टूच्या संघामागे मी बराच फिरलो. एका मैदानावर छत्री गेटवरच ठेवून घेतली आणि पूर्ण सामना पावसात निथळत काढला. समोरचा गोल नीट दिसेना. आमचा गोल झाला हे पलीकडच्या स्टँडमध्ये पसरलेल्या शांततेवरून कळलं. छप्पर नसलं की आरडाओरडाही हवेत विरून जातो, ते मला भिजण्यापेक्षा जास्त लागलं.

तरी उभं राहून सामना बघायची मजा तिथेच आहे. १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या दोन श्रेणींतले टेरेस, म्हणजे उभं राहायच्या पायऱ्या, गेले, खाली ते टिकले. सहाव्या श्रेणीत तर बऱ्याच ठिकाणी हाफटाइमला दोन्हीकडचे समर्थक आपला संघ ज्या गोलकडे खेळणार त्याच्या मागे जायला सरळ टोकं बदलतात, मध्ये कुंपण नाही की पोलीस नाही. लेखात याचा उल्लेख हवा होता. आणि ३० पौंडांची मर्यादा खालीही आणा, प्रवासातच खिसा रिकामा होतो.