दुर्बिणीची साधने आणि लहान हात: एका संदेशाला उत्तर

पशुवैद्यकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणारा एक संदेश परभणीला पशुवैद्यक शास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोहोचला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्यात म्हटले आहे की, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची (लॅपरोस्कोपीची, म्हणजे पोटाला लहान छिद्रे पाडून त्यांतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेची) साधने सगळी सारखीच असतात, माणसांच्या रुग्णालयातली वापरलेलीही चालतात, टेबलाची उंची ही चैन आहे, आणि अंगठा बधिर होणे हे सराव कमी पडल्याचे लक्षण असून लहान हाताच्या मुलींनी या वाटेला जाऊच नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक, म्हणून तोच आधी. बर्गर आणि ह्रेल्याक यांनी लॅपरोस्कोपी करणाऱ्या ७२६ शल्यचिकित्सकांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली, तीत ६.५ किंवा त्याहून लहान मापाचे हातमोजे घालणाऱ्यांना ही साधने हाताळणे अधिक जड जाते, असे दिसले. पाहणी माणसांच्या डॉक्टरांची असली, तरी पशुवैद्यकाच्या हातीही बहुधा तीच साधने असतात. साधनाची मूठ बहुतेक एकाच मापाची येते आणि लहान हाताला रॅचेटपर्यंत, म्हणजे पकड अडकवून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत, बोट ताणावे लागते. कात्रीसारख्या कड्यात अंगठा खोलवर गेला की कडे त्याच्या बाजूच्या नसेवर दाबते, आणि कुत्रीचे अंडाशय पकडून धरलेले असताना तो दाब सुटत नाही. बधिरपणा येतो तो तिथून. अशा मुठीवर सराव वाढवला तर दाबच वाढणार. अंगठ्याचे टोक तेवढे कड्यात ठेवावे आणि धरून ठेवण्याचे काम रॅचेटवर सोपवावे, हे शिकवायचे सोडून मुलींना मागे सारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वापरलेली साधने चालतात, एवढे मान्य करावे लागेल. पाच मिलिमीटर जाडीचा ग्रास्पर, म्हणजे अवयव पकडायचा चिमटा, माणसासाठी आणि कुत्र्यासाठी वेगळा नसतो. पण लांबीचे काय? मांजराच्या पोटात लांब साधनाचा थोडाच भाग आत जातो, उरलेला बाहेर राहतो आणि कोपर अंगापासून दूर उचलून धरावे लागते. उलट उभ्या देवणी गाईच्या कुशीतून काम करताना तेच साधन तोकडे पडते.

टेबलाचे कारण तर उघड आहे. या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूने पोट फुगते, साधनांचे दांडे वर येतात, म्हणून मूठ कोपराच्या पातळीला राहील इतके टेबल नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा खाली घ्यावे लागते. ते खाली जात नसेल तर पायाखाली भक्कम, न घसरणारी चौकी घ्यावी. आणि साधन विकत घेण्यापूर्वी आपल्या मापाचा हातमोजा घालून मूठ उघडमीट करून पाहावी. पकड न मोडता रॅचेट सुटत नसेल, तर ते घेऊ नये.