सही शाळेची, निर्णय कुणाचा?

दरवर्षी पावसाळ्यात आमच्या शाळेत बी.एड. कॉलेजकडून सामंजस्य करार येतो. दीड पानाचा. किती छात्राध्यापक, म्हणजे शिकवण्याचा सराव करायला येणारे बी.एड.चे विद्यार्थी, येणार, कधीपासून कधीपर्यंत थांबणार, शाळेने कोणत्या सोयी द्यायच्या, हे त्यात नीट लिहिलेलं असतं. प्राचार्यांची सही आधीच झालेली असते, मुख्याध्यापकांच्या सहीची जागा मोकळी असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे ती सही मला करायची असते. आज लिहायचंय ते त्या दीड पानात जे नसतं त्याबद्दल.

नववीच्या कोणत्या घटकावर पाठ घ्यायचे हे कोण ठरवणार, ते त्यात नसतं. आमच्या शिक्षकांनी मागे बसून पाठ बघायचे तर तो तास वेळापत्रकात कुठून आणायचा, ते नसतं. एखादा घटक मुलांना कळलाच नाही तर तो पुन्हा कोण आणि कधी शिकवणार, ते नसतं. छात्राध्यापकाला गुण देताना त्या वर्गाच्या विषयशिक्षिकेचं मत धरणार की नाही, तेही नसतं. पैशाचा तर उल्लेखच नाही.

विद्यापीठ, त्याची संलग्न कॉलेजं आणि गावोगावच्या शाळा यांनी मिळून शिक्षक घडवायचे असतील, तर त्या कामाचा कारभारही मिळूनच चालला पाहिजे. निर्णयात, पैशात आणि गुणांत शाळेचा वाटा हक्काने हवा. सध्या शाळा फक्त जागा देते आणि मुलं देते.

काही जणांना वाटेल, एवढं काय, महिनाभराचा तर प्रश्न. तो काळ गेला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४ चे नियम आले आणि बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे शाळेत: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. हा बदल चांगलाच झाला, मी त्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ साली अध्यापक शिक्षणाची जी अवस्था देशापुढे मांडली, तो आयोगच मुळात आपल्याच राज्यातल्या २९१ डी.एड. कॉलेजांच्या (प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या) मान्यतेच्या खटल्यातून नेमला गेला होता. शाळेचं तोंड न बघता शिक्षक तयार होत होते. म्हणून शाळेतले आठवडे वाढवले. पण आठवडे वाढवताना शाळेचे अधिकार वाढवायचे राहून गेले.

हे सोळा आठवडे शाळेत कसे जातात ते सांगते. दहावीचा वर्ग आम्ही कुणाच्या हाती देत नाही. पालक ऐकणार नाहीत आणि खरं सांगायचं तर माझंही धाडस होत नाही. मग सगळा भार आठवी-नववीवर. त्यातच पहिली घटक चाचणी, गणपतीची सुट्टी, क्रीडा स्पर्धा. आमच्या गणिताच्या बाईंना आठवड्याला तीसच्या आसपास तास, वर बदली तास, वर यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंद प्रणालीची, माहिती भरणं. त्यांनी छात्राध्यापिकेचं टाचण (पाठाची लेखी आखणी) आदल्या दिवशी बघायचं, पाठ बघायचा, नंतर तिच्याशी बोलायचं. हे बोलणंच सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच मधल्या सुट्टीत डबा खाताना उरकलं जातं. कॉलेजचे प्राध्यापक येतात, एका फेरीत दोन-तीन पाठ बघतात, शेरा लिहितात आणि पुढच्या शाळेत जातात. त्यांना दोष नाही. एकेका प्राध्यापकाकडे कितीतरी छात्राध्यापक असतात आणि शाळा पाच ठिकाणी विखुरलेल्या. पण गुण त्यांच्या शेऱ्यावर पडतात. जिने रोज पाठ पाहिले तिचा अभिप्राय फाइलला लागतो, गुणांना लागत नाही.

यातून चांगलं काहीच होत नाही असं मुळीच नाही. गेल्या वर्षी एका छात्राध्यापिकेने आठवीला ऋण संख्या शिकवताना मुलांकडून विहिरीच्या पायऱ्यांवर वर-खाली मोजून घेतलं. मागे बसलेल्या आमच्या शिक्षकांनी पुढच्या तुकडीत तोच पाठ तसाच घेतला, आणि मुलं कुठे अडतात ते तिला येऊन सांगितलं. दोघांचंही त्या दिवशी शिक्षण झालं. शिक्षक-विकास म्हणजे मला तरी हेच दिसतं. अशा गोष्टी आपोआप घडण्यावर सोडू नयेत, त्यांना वेळापत्रकात जागा असावी, एवढंच मागणं आहे.

यातलं काहीच नवं नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक, देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६४ ते ६६ या काळात त्या आयोगाने काम केलं आणि अध्यापक प्रशिक्षण तीन बाजूंनी तुटलेलं आहे असं सांगितलं: विद्यापीठापासून, शाळांपासून आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासून. त्यावर उपायही सुचवले. ज्या शाळांत सराव पाठ होतात त्यांना शिक्षण खात्याने ‘सहकारी शाळा’ म्हणून रीतसर मान्यता द्यावी, साहित्यासाठी आणि देखरेखीसाठी वेगळं अनुदान द्यावं, कॉलेजचे प्राध्यापक आणि या शाळांचे शिक्षक यांची ठरावीक काळाने अदलाबदल व्हावी. मी ही शिफारस पुन्हा पुन्हा वाचते. साठ वर्षं झाली. माझ्या शाळेला आजवर ना अशी मान्यता मिळाली, ना असं अनुदान. प्राध्यापकांनी येऊन आठवीचा एक वर्ग सत्रभर शिकवावा, ही कल्पना मी बोलून दाखवली की लोक हसतात. मला ती अगदी गंभीरपणे हवी आहे. जो माणूस सत्रभर आठवीत उभा राहील, त्याचं पुढच्या वर्षीचं अध्यापन पद्धतीवरचं व्याख्यान वेगळं असेल.

विद्यापीठ आणि खेड्यातल्या शाळा खरोखर एकत्र आल्या तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तो सुरू केला, विज्ञान प्रयोगातून शिकवायचं म्हणून. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक त्यात उतरले. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला. आपल्याला यातल्या नावांपेक्षा कामाच्या रीतीतून शिकायचं आहे. शिक्षकांची दरमहा बैठक व्हायची. कोणता प्रयोग वर्गात फसला, कोणता प्रश्न मुलांनी विचारला, हे तिथे मांडलं जायचं आणि त्यावरून पुस्तक बदललं जायचं. शाळांना नियमित भेटी दिल्या जायच्या, त्या तपासणीसाठी नव्हे तर सोबतीसाठी. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही होतं, कारण सरकारने अभ्यासक्रम आणि परीक्षा बदलण्याचं स्वातंत्र्य दिलेलं होतं. पुढे शाळांचे शिक्षकच इतर शिक्षकांना प्रशिक्षण देऊ लागले. विद्यापीठातला प्राध्यापक आणि गावच्या शाळेतले गुरुजी एकाच चटईवर बसून एकाच प्रयोगावर वाद घालत होते. आपल्याकडे केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या शिक्षण परिषदा वर्षानुवर्षं भरतात, पण तिथे बहुतेक वेळा वरून आलेली सूचना वाचली जाते. खालून काही वर जाण्याची वाट नसते.

आणि तरीही २००२ साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम होतं. यातून मी जो धडा घेते तो कारभाराचा आहे. कामात शिक्षक बरोबरीचे होते, पण काम चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवण्याची सत्ता त्यांच्याकडे नव्हती. माणसं चांगली असली की भागीदारी सुंदर चालते. माणसं बदलली, सरकार बदललं, की तिला आधार फक्त लिहून ठेवलेल्या हक्कांचाच उरतो. म्हणून मला करारातल्या कलमांची एवढी काळजी.

इंग्लंडचं उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथे पैशाचा प्रश्न टाळला नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ मध्ये जवळच्या शाळांबरोबर जी योजना सुरू केली, तिच्यात प्रत्येक छात्रशिक्षकाला शाळेतलाच एक विषयशिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमून दिला होता आणि अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखला होता. १९९२ मध्ये सरकारने माध्यमिक शिक्षकांच्या ३६ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातले २४ आठवडे शाळेत घालवणं सक्तीचं केलं, तेव्हा विद्यापीठांना मिळणाऱ्या पैशातला वाटाही शाळांकडे वळवावा लागला. त्या धोरणावर तिकडे खूप टीका झाली, विद्यापीठांचं महत्त्व कमी केलं म्हणून, आणि ती टीका मला पटते. पण काम शाळेकडे गेलं तर पैसाही जातो, हे तरी तिथे मान्य झालं.

आता दोन आक्षेप, जे मला नेहमी ऐकावे लागतात. पहिला असा, की शाळेच्या हाती गुण दिले तर सगळ्यांना भरभरून गुण मिळतील. मिळतीलही, लक्ष ठेवलं नाही तर. पण कॉलेजातल्या अंतर्गत गुणांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. उपाय दोन सह्यांचा आहे: विषयशिक्षक आणि प्राध्यापक दोघांनी एकच पाठ बघायचा, एकाच कागदावर लिहायचं आणि मत जुळलं नाही तर का जुळलं नाही तेही लिहायचं. त्या चर्चेचा सगळ्यात जास्त फायदा छात्राध्यापकालाच होईल. दुसरा आक्षेप, शिक्षक आधीच बेजार आहेत, आणखी एक समिती कशाला. बेजार आहेत हे खरंच आहे. पण छात्राध्यापकांचं काम ते आताही करतातच, फक्त ते कुठे मोजलं जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. सोळा आठवडे एखाद्या नव्या शिक्षकाला घडवणं हे त्या ५० तासांत धरायला काय हरकत आहे? एखाद्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या व्हिडिओपेक्षा त्यात कितीतरी जास्त शिकायला मिळतं.

जिल्हा परिषदेच्या शाळांची स्थिती तर आणखी बिकट. तिथे परवानगी वरच्या कार्यालयातून येते आणि शाळेला फक्त कळवलं जातं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत. त्यांच्या मुलांना महिनोन्महिने नवीन बाई आणि नवीन सर शिकवणार हे त्या पालकांना आधी सांगायला नको? आमच्याकडे एका आईने सरळ विचारलं होतं, “माझ्या पोराच्या वर्गावरच सगळे का शिकतात?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पालकसभेत कॉलेजच्या माणसांनीही उभं राहून दिलं पाहिजे.

२०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच शिक्षक होण्याची किमान पात्रता करायची असं धोरण सांगतं. म्हणजे शाळांवरचं हे काम वाढणारच आहे. त्याआधी करार बदलून घेतले पाहिजेत. यंदा मी आलेल्या मसुद्यावर सही न करता तीन कलमं जोडून तो परत पाठवते आहे. ज्यांना हवी त्यांनी आपल्या शाळेसाठी खुशाल उचलावीत.

पहिलं: छात्रसेवाकालाचं (छात्राध्यापकांच्या शाळेतल्या आठवड्यांचं) नियोजन कॉलेज आणि शाळा यांची समसमान सदस्यांची समिती करेल, तिची पहिली बैठक शाळेत होईल, आणि कोणते वर्ग, कोणते घटक व एका वेळी किती छात्राध्यापक याबाबत शाळेचा निर्णय अंतिम राहील. दुसरं: प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकासाठी आठवड्याला दोन तास वेळापत्रकात मोकळे ठेवले जातील, त्या तासांच्या बदली शिक्षकाचं मानधन कॉलेज छात्राध्यापकांच्या शुल्कातून देईल. तिसरं: सत्राच्या शेवटी शाळा आपल्या दोन अडचणी लेखी मांडेल आणि पुढच्या वर्षी कॉलेजचे प्राध्यापक व आमचे शिक्षक त्यांवर मिळून काम करतील. आमच्याकडून यंदाची पहिली अडचण नववीतल्या ज्या मुलांना अजून सलग परिच्छेद वाचता येत नाही त्यांची आहे.