टक्केटोणपे

आवाजावर चालणारं घर बोलतं भरपूर, पण झिजतं मात्र गुपचूप. दिवा लाव म्हटलं की लावतं, पंखा कमी कर म्हटलं की करतं, वर ‘केलं’ म्हणून कळवतंही. पण रोबोच्या ब्रशला टक्कल पडलंय, हे ते आपण होऊन सांगेल तर शपथ. ते आपण विचारायचं. विचारलं तरी धड उत्तर मिळेल याची खात्री नाही.

आमच्याकडे या यंत्रांची भरती नवऱ्याच्या कारकिर्दीत झाली. झाडणारा-पुसणारा रोबो, एअर प्युरिफायर, बेडरूममध्ये हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर, दाराला स्मार्ट कुलूप, दारंखिडक्यांना सेन्सर, छताला धुराचा अलार्म, आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणून हॉलमधल्या कपाटावर ठाण मांडून बसलेला स्पीकर. ‘आता तुला घराकडे बघावंच लागणार नाही,’ असं नवरा म्हणाला होता. खरंच आहे ते. मी घराकडे बघत नाही. कुठला भाग किती झिजला, त्याच्या नोंदी बघते.

सगळ्यात मोठा ताप टक्क्यांचा. प्युरिफायरच्या ॲपमध्ये ‘फिल्टर २० टक्के’ दिसलं, तर त्याचा अर्थ फिल्टर २० टक्के उरलाय. ह्युमिडिफायरच्या ॲपमध्ये तेच २० दिसले, तर त्याचा अर्थ आताशी २० टक्के वापरून झालाय, खुशाल झोपा. एक शंभरावरून खाली उतरतो, दुसरा शून्यावरून वर चढतो, आणि मधे कुठेतरी पन्नासाला दोघांची गाठ पडते. तेवढ्या एका दिवशी आमच्या घरात एकवाक्यता असते.

आणि हा घोळ आमच्याच घरातला आहे असं समजू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी नीट बोलावं म्हणून २०२२ साली ‘मॅटर’ नावाचं एक मानक आलं. २०२३ मध्ये त्याची १.२ आवृत्ती निघाली. तिच्यात रोबो व्हॅक्यूम आले, एअर प्युरिफायर आले, आणि फिल्टरची अवस्था कळवायची रीतसर सोयही आली. त्या सोयीत टक्क्यांच्या शेजारी एक वेगळा रकाना आहे: हे टक्के चढते की उतरते? म्हणजे ठिकठिकाणचे इंजिनिअर एका टेबलाशी बसले, आणि त्यांनाही हे एकदाचं ठरवता आलं नाही. ‘दोन्ही चालेल, फक्त कुठलं ते सांगा,’ असं म्हणून बैठक उठली असणार. माझ्या मनात त्या लोकांविषयी फार जवळीक आहे. आमची यंत्रं मात्र त्याआधीची, त्यामुळे ती तेवढंही सांगत नाहीत.

मुकादमाला विचारून बघावं, तर त्याची वेगळीच तऱ्हा. ‘रोबोचा फिल्टर किती उरलाय?’ असं विचारलं की दोनपैकी एक होतं. एक तर तो फिल्टर म्हणजे काय यावर ज्ञानकोशातला परिच्छेद वाचून दाखवतो, नाहीतर ‘रोबो’ एवढंच ऐकून रोबोला कामाला लावतो. मग फिल्टरची चौकशी करायला गेलेली मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसते, आणि ज्याची चौकशी चालली होती तो फिल्टर आणखी थोडा झिजून परत येतो. यात मुकादमाचाही फारसा दोष नाही. रोबो त्याच्या ताब्यात देताना बनवणाऱ्यानं त्याला चालू कर, थांब, घरी जा एवढेच अधिकार दिलेले असतात. झिजेचा हिशेब राहतो ॲपच्या तळघरात. सेटिंग, त्यात आणखी सेटिंग, त्यात देखभाल, मग सुटे भाग.

तिथे पोचलात की आकडे दिसतात. आमच्या रोबोच्या मते मुख्य ब्रशचं आयुष्य ३०० तास, साइड ब्रशचं २००, फिल्टरचं १५०, आणि सेन्सर दर ३० तासांनी पुसायचे. ऐकायला हे सगळं फार शास्त्रीय वाटतं. पण ब्रशकडे बघून हे कुणीच ठरवत नाही. बघायला डोळाच नाही तिथे. रोबो किती वेळ चालला तेवढे मिनिटं-तास मोजायचे आणि ठरलेल्या आयुष्यातून वजा करायचे, एवढाच हा कारभार. घरात तीन केसाळ कुत्री असोत की नुसती गुळगुळीत फरशी असो, ब्रशच्या कपाळी तेच ३०० तास.

याचा पुरावा नवऱ्यानं स्वतः मिळवून दिला. प्युरिफायरमध्ये त्यानं मोठ्या थाटात नवा फिल्टर बसवला. ‘हेपा आहे, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो,’ असं आल्यागेल्याला सांगून झालं. बरेच दिवस प्युरिफायर घुमत राहिला, ॲपमधले टक्के इमानेइतबारे खाली आले. ८१ वर असताना सहज धूळ पुसायला म्हणून मी मागचं झाकण उघडलं. फिल्टर आपल्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. सीलबंद. वर ‘वापरण्यापूर्वी पिशवी काढा’ असं चित्रासह छापलेलं. हवेचा एक कणही आत शिरलेला नव्हता, पण ॲपच्या हिशेबी फिल्टर १९ टक्के म्हातारा झाला होता.

‘म्हणजे फिल्टर कोरा करकरीत आहे!’ नवऱ्याला यातही आनंदच झाला. पण त्या फिल्टरच्या पोटाला चिप आहे. यंत्र ती पिशवीतूनही वाचतं, आणि एकदा धरलेलं वय कमी करत नाही.

आता सासूबाई. तुम्हाला वाटेल, त्या हे सगळं बघून नाक मुरडत असतील, केरसुणीचे गोडवे गात असतील. मुळीच नाही. घरात या टक्क्यांवर कुणाची नितांत श्रद्धा असेल, तर ती त्यांची. नातीनं त्यांच्या फोनवर सगळी ॲप घालून दिल्यापासून सकाळी उठल्या उठल्या त्या एकेकाचे टक्के बघतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. फिल्टर पस्तिसाच्या खाली गेला तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ‘अगं, कालच्यापेक्षा एकानं घसरलाय,’ असं हलक्या आवाजात मला सांगून झालं, आणि त्या दिवसापासून त्यांनी फिल्टर वाचवायला घेतला. म्हणजे प्युरिफायर बंद.

‘आई, हवा साफ करायलाच आणलाय ना तो?’

‘हो गं, पण लागेल तेव्हा असायला नको?’

प्युरिफायर बंद ठेवला तरी फिल्टरमधला कार्बनचा थर आजूबाजूचे वास थोडेथोडे शोषतच राहतो, म्हणून तर नवा फिल्टर सीलबंद येतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि प्युरिफायरला जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं.

रोबोचंही तेच. मुख्य ब्रशचे तास वाचावेत म्हणून त्याला फक्त हॉलमध्ये सोडायचं, आतल्या खोल्या त्या स्वतः झाडतात. रोबो बिचारा दाराशी येऊन थबकतो, कारण ॲपमध्ये त्यांनी लाल रेघ ओढून ठेवली आहे. हे त्यांना येतं. मला अजून येत नाही.

पण झीज बघायची तर ॲप बंद करून रोबो उलटा करावा. मुख्य ब्रश उचकटून काढला की दोन्ही टोकांना, बेअरिंगपाशी, केसांची घट्ट विणलेली कडी सापडते. सोबत मिळालेलं छोटं पातं त्यात घालून सर्रकन ओढायचं. केस सुटतात, पातं मात्र हमखास हातातून उडून कपाटाखाली जातं. पुढचं चाक ओढून काढलं तर त्याच्या दांड्यालाही केसांची बांगडी. साइड ब्रशच्या तीन शेंड्या एकाच बाजूला मान टाकून बसलेल्या असतात; गरम पाण्यात बुडवल्या की थोड्या सरळ होतात. आणि पोटाखाली जिना ओळखणारे सेन्सर. त्यांच्या काचेवर धूळ साचली की रोबोला सपाट फरशीच्या मधोमध कडा दिसतो. तो थांबतो, थोडा मागे सरतो, आणि मोठ्या आवाजात मदत मागतो. सासूबाई धावत जाऊन त्याला कड्यावरून उचलून आणतात.

बॅटऱ्यांचा मामला याहून आतल्या गाठीचा. दाराच्या सेन्सरमध्ये सीआर२०३२ हा बटणासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. त्याचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. व्होल्टेज बघून टक्के सांगणारं ॲप त्यामुळे महिनोन्‌महिने शंभर, शंभर म्हणत राहतं, आणि एक दिवस सेन्सर मुका. स्मार्ट कुलपात साधे अल्कलाइन सेलच घाला असं पुस्तिका बजावते तेही याचसाठी. ते हळूहळू उतरतात, त्यांचा अंदाज तरी बांधता येतो. नवऱ्यानं चांगले महागातले लिथियम आणून घातले. मग कुलूप टक्क्यांत ठणठणीत होतं आणि आम्ही दाराबाहेर.

धुराचा अलार्म निदान ओरडतो. पण कधी? तर पहाटे. गारव्यात बॅटरीचा जोर उतरतो, आणि दिवसभर काठावर तगलेला व्होल्टेज नेमका त्या वेळी इशाऱ्याच्या खाली जातो. टुक. मग बराच वेळ शांतता. आपण उठून कुठल्या यंत्राचा आवाज म्हणून कान देऊन उभे राहतो, तोवर काही नाही. अंथरुणात परत शिरलं की, टुक. मुकादमाला विचारलं, ‘हा आवाज कसला?’ त्यानं निद्रानाशावरचं संगीत लावलं.

या सगळ्यावर उतारा शोधला नातीनं. ॲपमध्ये प्रत्येक भागाखाली ‘रिसेट’ लिहिलेलं असतं. नवा भाग बसवला की ते दाबायचं. नवा बसवला की नाही, हे रोबो तपासत नाही. त्याचा आपल्यावर पूर्ण विश्वास. नातीनं आजीला ते बटण दाखवलं मात्र, दुपारपर्यंत मुख्य ब्रश शंभर, साइड ब्रश शंभर, रोबोचा फिल्टर शंभर. ब्रश तेच, मान टाकलेले. पण सासूबाईंच्या कॅलेंडरवर त्या दिवशी ओळीनं शंभर लिहिलेले आहेत आणि पुढे बरोबरची खूण. संध्याकाळी फोनवर नणंदेला सांगत होत्या, ‘इकडे सगळं शंभर टक्के आहे बघ.’ रोबोला आतल्या खोल्याही खुल्या झाल्या.

अडला तो चिपवाला प्युरिफायर. त्याला रिसेट दाबून पाहिलं, पंधरा सेकंद दाबून पाहिलं, चांगल्या शब्दांत बोलूनही पाहिलं. तो चौतिसावरून हलायला तयार नाही. ‘मेला हट्टी आहे,’ सासूबाई म्हणाल्या, आणि जेवताना त्यांनी विषय काढला, की हा देऊन टाका आणि सांगितलेलं ऐकेल असा दुसरा आणा. नवरा कालपासून दोन मॉडेलांची तुलना करत बसला आहे. त्यातल्या एकाला चिप नाही, रिसेटही होतो, त्यामुळे माय-लेकांचं त्याच्यावर जवळजवळ ठरलंय. त्याचे टक्के शून्यापासून वर चढतात, हे मी पुस्तिकेत वाचलंय. अजून कुणाला सांगितलेलं नाही.