मदरशात संगणक द्या म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

मदरशांच्या आधुनिकीकरणावर कसं संशोधन चाललंय, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'विद्यापीठवाल्यांचे कागदी घोडे' म्हटलंत. पुढे लिहिलंत की आपल्याकडची मुस्लिम लेकरं शाळा सोडून मदरशात जातात, त्यांना आधी संगणक द्या, बाकीचं नंतर.

आधी लेकरांचं बोलू. सकाळी टोपी घालून मशिदीकडे जाताना जी पोरं तुम्हाला दिसतात, ती बहुतेक मक्तबात, म्हणजे मशिदीतल्या सकाळच्या धार्मिक वर्गात जातात. तिथं तासभर कायदा (अरबी मुळाक्षरांचं पुस्तक), नाजरा कुराण (बघून कुराण वाचणं), दुआ होतात. मग घरी येऊन न्याहारी केली की दप्तर पाठीला लावून तीच पोरं जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत, काही मराठी शाळेत. राहून शिकायचं, हाफिज (कुराण पाठ असलेला) किंवा आलिम (धर्मपंडित) व्हायचं, तो मदरसा वेगळा. मुस्लिमांची स्थिती पाहायला केंद्राने नेमलेल्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी ३ ते ४ टक्केच निघाली. म्हणजे आपली सगळी चर्चा या मूठभरांवर, आणि उरलेल्यांच्या शाळेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आता कागदी घोडे. गणित-विज्ञान घातलं की झालं आधुनिकीकरण, अशी समजूत बरीच वर्षं होती. १९९३-९४ पासूनची केंद्राची योजनाही त्याच वळणाची. (मदरशांच्या ज्या परंपरागत अभ्यासक्रमाला, दर्स-ए-निझामीला, आपण जुनाट म्हणतो, त्यात अठराव्या शतकातच तर्कशास्त्र आणि युक्लिडची भूमिती होती, बरं का.) आता अभ्यासक वेगळं विचारू लागलेत: शिकवतो कोण, त्याला पगार किती, आणि तिथून निघालेल्या पोराला पुढे कुठं प्रवेश मिळतो?

पगाराचंच घ्या. आपल्या राज्याच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत डी.एड. शिक्षकाला महिन्याला ६,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १६,००० करायचं ठरलं. सहा हजारात कोण टिकणार होतं? त्यापेक्षा शेतातली रोजंदारी परवडते. अशा जागी संगणक ठेवला तर त्यावर कापडच राहील.

प्रवेशाचं उदाहरण इंडोनेशियाचं. १९७५ साली तिथल्या तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला. मदरशात सुमारे ७० टक्के सामान्य विषय आले, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की मदरशाचं प्रमाणपत्र शाळेच्या बरोबरीचं धरलं गेलं, पोराला मधेच शाळेत जाता येऊ लागलं. लांब कशाला, आपल्याच राज्यात नंदुरबारच्या अक्कलकुव्यातल्या जामिया या मदरसा चालवणाऱ्या संस्थेने मदरशाच्या जोडीला फार्मसी आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयं काढली. ती मौलानांनीच उभी केली.

संगणकाला माझी ना नाही. पण ज्या गावात उर्दू शाळा सातवी-आठवीलाच संपते आणि पुढं एस.टी.ची वेळ जमत नाही म्हणून पोरगी घरी बसते, तिथं आधी वर्ग वाढवून मागायला हवा. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.