‘टेकडी दगडाची आहे, वाहून काय जाणार?’

पुण्याच्या टेकड्यांवरच्या बांधकामबंदीविरुद्ध एक मेसेज ग्रुपवर फिरतोय. सह्याद्री पक्क्या बेसाल्टचा, त्यामुळे खोदाईने बिघडत नाही. काम पावसाआधी आटोपतं. रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बांधली की १:५ उताराच्या नियमाला, म्हणजे त्याहून तीव्र उतारावर बांधायचं नाही या नियमाला, अर्थ उरत नाही, असं त्यात म्हटलंय.

बेसाल्ट पक्का आहे, कबूल. पण जेसीबी आधी खातो तो मुरूम, म्हणजे झिजून सुटा झालेला खडक. डोंगर कापलाय तिथे जवळ जाऊन पाहा: वर जेमतेम हातभर माती, खाली पिवळट मुरूम, मग कातळ. मुरलेलं पाणी कातळावरून सरकत त्या कापलेल्या तोंडाशी येतं आणि तिथूनच ढासळायला लागतं. गवताची मुळं माती धरून ठेवतात, आणि सपाटीकरणात पहिल्या दिवशी तीच जातात.

पावसाआधी आटोपतं? ६ जून २०१३ ला कात्रजच्या बोगद्याजवळ, शिंदेवाडीत, डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या. वरची डोंगरफोड आणि बुजवलेली पाण्याची वाट यांवर तेव्हा रान उठलं होतं. मृग अजून लागायचा होता!

भिंतीचं म्हणाल तर मागे पाणी तुंबलं की तिच्यावर मातीच्या जोडीला पाण्याचाही दाब येतो. पाणी निघायला भोकं आणि मागे खडीचा थर नसेल तर जाड भिंतही झुकते. पायथ्याशी खोदलं तर आधारच जातो. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जीव गेले.

‘जमीन माझी, मी खोदेन’ हेही त्या मेसेजमध्ये आहे. मुरूम उचलायला तहसीलची परवानगी लागते, आणि वाहून गेलेला गाळ खालच्यांच्या ओढ्यात बसतो.

१:५ म्हणजे पाच मीटरला एक मीटर चढ, साधारण अकरा अंश. ही रेघ ढोबळ आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण म्हणून ती पुसायची कशाला? १:५ पेक्षा सौम्य उतारांवरही वरचं पाणी चर काढून वळवा, मुरमाचे ढीग ओढ्यापासून लांब टाका, पायथ्याला गाळ बसायला खड्डा ठेवा, उघड्या उतारावर वाळा लावा. आणि हे सगळं झालंय का, याची जागेवर तपासणी मे महिन्यात व्हावी, दरड आल्यावर नव्हे.