'भरल्या पोटाचा खेळ' या प्रतिक्रियेस उत्तर

'साडेतीनशे रुपयांत एका माणसाचे आठवड्याचे जेवण' या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: मी इंधनाचा खर्च धरलेला नाही, आहारात दूध आणि फळे नाहीत, अशा लेखांमुळे 'एवढ्यात भागते' म्हणणाऱ्या सरकारच्या हाती आयते कोलीत मिळते, आणि शेवटी, 'हा भरल्या पोटाच्या माणसाने मांडलेला गरिबीचा खेळ आहे'.

इंधनाचा मुद्दा रास्त आहे. एका माणसाच्या स्वयंपाकाला आठवड्याकाठी तीस-पस्तीस रुपयांचा गॅस सहज लागतो आणि तो हिशेबात यायला हवा.

शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. कुळथाचा भाव चुकला आहे, एवढे म्हणाला असतात तरी मी सगळा हिशेब पुन्हा मांडला असता. परंतु ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याच्या घरात काय शिजत होते हे आपल्याला ठाऊक नाही, त्याचे पोट भरलेले आहे असे परस्पर ठरवून त्याच्या हेतूवर शिंतोडे उडवणे, ही चर्चेची रीत नव्हे.

आपण विषय काढलाच आहे, म्हणून सांगतो. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत विणकर होते आणि आई घरातच खानावळ चालवत असे. गावी बायकामुले ठेवून आलेले कोकणातले कामगार आमच्याकडे दोन वेळ जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि ज्या पगारावर आमची खानावळ उभी होती तो पगारच थांबला. जेवणाऱ्यांपैकी काही जण गावी परतले. जे राहिले त्यांना आईने 'उद्यापासून येऊ नका' असे एकदाही सांगितले नाही. वाण्याने उधारी बंद केली, तेव्हा गावाहून एसटीने येणारे उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ आणि वाळवलेला जवळा यांवर आमचे घर चालले.

सकाळी पेज आणि रात्री पिठी-भात. कुळथाचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचे, ठेचलेल्या लसणीच्या फोडणीत ओतायचे, वर दोन आमसुले टाकायची आणि ढवळत राहायचे. ऐन वेळी पंगतीला एखादा माणूस वाढला की आई पिठीत पाणी वाढवी आणि मीठ पुन्हा चाखून पाही. जवळा आधी कोरडाच भाजला, तर तेल चमचाभरच लागते आणि वासही खमंग येतो. माझ्या लेखातील यादीत उकडे तांदूळ, नाचणी आणि कुळीथ आहेत ते याच कारणाने. ही यादी मी कुठल्या आहारतज्ज्ञाच्या पुस्तकातून उचललेली नाही. जो आहार मी भूक लागलेली असताना खाल्ला, तोच मी आज लिहून ठेवतो आहे, आणि त्याला आपण 'खेळ' म्हणता याचा मला मनस्वी त्रास झाला.

आपण स्वतः कधी महिनाअखेरीला पिठाच्या डब्याचा तळ खरवडला आहे काय, असे मीही विचारू शकतो. विचारत नाही, कारण त्याने हिशेब बरोबर किंवा चूक ठरत नाही. आपणही तसेच केले असते तर बरे झाले असते.

दूध-फळांबद्दल एवढेच सांगतो की नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, कुळथात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, आणि दिलेल्या प्रमाणात धान्य व कुळीथ मिळून रोज चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात. केळी परवडतील त्या आठवड्यात अवश्य खावीत.

सरकारच्या मुद्द्यावर माझे लेखन न वाचताच बोट ठेवलेले दिसते. 2011 साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दरडोई रोज 32 रुपये आणि खेड्यासाठी 26 रुपये अशी जी दारिद्र्यरेषा सांगितली, ती केवळ जेवणाची नव्हती. माझा आकडा फक्त ताटाचा आहे. एवढ्यात माणसाने जगावे, असे त्या लेखात एकाही ओळीत लिहिलेले नाही. ज्याच्या हाती या आठवड्यात एवढेच पैसे उरले आहेत, त्याने ते कशावर खर्च करावेत, इतकेच मी सांगितले आहे.

गॅसचे पस्तीस रुपये तक्त्यात आजच घातले असून एकूण रक्कम आता 385 झाली आहे. शीर्षकही त्याप्रमाणे बदलतो. नाचणीच्या आंबिलीवरचा पुढचा लेख येईल तेव्हा भाव, मापे आणि पाककृती यांवर आपण जरूर लिहावे. माझ्या पोटाविषयीची मते मात्र तेथे छापली जाणार नाहीत.